पंधरा फुटांचा रस्ता



आज पिकाबद्दल कमी आणि जमिनीबद्दल जास्त लिहितोय. थोडं लांबलंय, पण घरातला विषय आहे. आणि चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळं जरा दमानं वाचा.

सोयाबीन काढून रान मोकळं झालं होतं. सकाळी मोटर चालू करायला गेलो तर विहिरीच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रेघा. आधी वाटलं, पोरांनी कबड्डीची आखणी केली. जवळ जाऊन बघतो तर चुन्याची फक्की. सरळ रेघा, मधून आडव्या रेघा, कोपऱ्यावर बांबूच्या खुट्ट्या आणि खुट्ट्यांना लाल चिंध्या. माझ्याच रानात कुणीतरी प्लॉट पाडून गेलं होतं.

फोन केला तर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मीच सांगितलं त्यांना. फक्त आखून बघितलंय. रविवारी येतो, बोलू."

"ते" म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. २०१४ साली ज्यानं आमच्या रस्त्याकडेच्या तुकड्याचे प्लॉट पाडले, तोच एजंट. आणि तेव्हा त्याला घरी चहाला बसवणारा मीच.

आमचा गट मुळात ८४ गुंठ्यांचा. म्हणजे दोन एकर चार गुंठे. वडील गेल्यावर आई, मी, भाऊ आणि बहीण अशी चार नावं सातबाऱ्यावर लागली. २०१४ ला बहिणीचं लग्न ठरलं, विहिरीचं कर्ज थकलं होतं, आणि डांबरी रस्ता नुकताच रुंद झाला होता. तालुक्याचं गाव सहा किलोमीटरवर. एजंट आला आणि म्हणाला, "पाव्हणं, पुढचे बावीस गुंठे द्या. गुंठ्याला एक लाख. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त सह्या करायच्या."

सगळं त्या "फक्त सह्या" मध्येच होतं, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

त्यानं जमीन स्वतःच्या नावावर घेतलीच नाही. विसार देऊन साठेखत केलं, गिऱ्हाईक शोधलं आणि खरेदीखतं थेट आमच्याकडून गिऱ्हाइकांना करून दिली. आम्हाला गुंठ्याला लाख मिळाले, त्यानं गिऱ्हाइकाकडून सव्वादोन घेतले. तो धंदा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दस्तावर त्याचं नाव कुठंच नाही. सही माझी, अंगठा आईचा.

आता एक गुंठा विकता कसा आला? कारण आपल्याकडं १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. जमिनीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की कसणंच परवडणार नाही, म्हणून तो केला. त्याच कायद्याच्या एकत्रीकरण योजनेतून आपले गट नंबर आले. शेतजमिनीसाठी त्यात एक प्रमाणभूत क्षेत्र ठरवलेलं असतं. त्याच्याखालचा तुकडा पाडून विकता येत नाही, वाटणीतही पाडता येत नाही. आधीपासूनच तुकडा असेल तर तो लगतच्या खातेदाराला देता येतो. पूर्वी हे क्षेत्र जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं होतं. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं.

मग एजंटांनी पळवाट काढली. एका गुंठ्याचा दस्त होत नाही ना? मग अकरा गुंठ्यांचा एकच दस्त करायचा आणि घेणार म्हणून अकरा नावं लावायची. कागदावर अकरा गुंठे, एकच तुकडा, कायदा खूश. जमिनीवर मात्र अकरा खुट्ट्या. आमच्या बावीस गुंठ्यांचे असे दोन दस्त झाले. बावीस माणसं, कुणाचाच तुकडा वेगळा नाही, सगळ्यांचं सामाईक.

त्या बावीस जणांत एक एसटीतले कंडक्टर. आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांचं मूळ गाव दुष्काळी पट्ट्यातलं, तिथं थोडी जमीन आहे, म्हणून शेतकरी दाखला त्यांच्याकडं होता. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळं एजंट असा दाखला असलेलीच गिऱ्हाइकं शोधत होता. मास्तरांनी फंडातून उचल घेऊन तो गुंठा घेतला. निवृत्तीनंतर इथं दोन खोल्या बांधायच्या, पोरांना तालुक्याची शाळा जवळ, असा हिशेब.

दरवर्षी दिवाळीत मास्तर यायचे. स्वतःच्या गुंठ्यावरचं गवत उपटायचे, चारी खुट्ट्या हलवून बघायचे आणि जाताना आमच्याकडं चहा घ्यायचे. चार-पाच वर्षं हे चाललं. एकदा आले ते हातात टेप घेऊन.

म्हणाले, "भाऊ, जरा धरता का एक टोक?"

धरलं. रुंदी तीस फूट. खोली एकोणतीसला थोडी कमी. मास्तर काही बोलले नाहीत, खिशातली डायरी काढून गुणाकार केला. ८६४ चौरस फूट. गुंठा असतो ३३ बाय ३३, म्हणजे १०८९.

त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्याच विकलेल्या जमिनीचा हिशेब घातला. तुम्हीही घाला, कारण हा हिशेब गावोगावी असाच निघतो. आमची पट्टी लांबीला ३३० फूट, रुंदीला साडेबहात्तर फुटांच्या किंचित वर. बरोबर बावीस गुंठे. दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा प्लॉट, मधून पंधरा फुटांचा रस्ता. रस्त्यात गेले ४९५० चौरस फूट. आता बावीस गुंठे जमिनीतून बावीस गुंठे विकले तर रस्ता आला कुठून? प्रत्येकाच्या गुंठ्यातून २२५ फूट कापून आला. दस्तात गुंठा, जागेवर पाऊण गुंठ्याच्या थोडं वर. मास्तरांना वाटलं, २०६ रुपये फुटानं जागा घेतली. ती पडली २६० नं.

आणि तो रस्ता कुठल्या नकाशात आहे म्हणाल? कुठल्याच नाही. गाव नकाशात नाही, सातबाऱ्यावर नाही, दस्ताच्या चतुःसीमेत नाही. बावीस जणांच्या सामाईक जमिनीवरून बावीस जण चालतात, इतकंच. उद्या एकानं दगड मांडला तर भांडण कुणाशी करायचं, तेही लिहिलेलं नाही.

मास्तरांनी त्यानंतर बँकेत घरकर्जाला अर्ज केला. बँकेनं तीन कागद मागितले. अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन आणि स्वतंत्र सातबारा. मास्तरांकडं होता अकरा नावांचा एक सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ. नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं होत नाही. कर्ज नामंजूर.

मग म्हणाले, अकरा जण मिळून वाटणी करून घेऊ. तहसीलदारांपुढं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नं वाटणी होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. गेले तर उत्तर मिळालं की प्रत्येकाच्या वाट्याला एक गुंठा येतो, म्हणजे तुकडा होतो, वाटणी करता येत नाही. ज्या कायद्याला वळसा घालून दस्त झाला, तोच कायदा बाहेर पडायच्या दारात उभा. तोवर अकरातले एक गृहस्थ वारले, त्यांच्या वारसांची पाच नावं चढली. आता त्या सातबाऱ्यावर पंधरा नावं आहेत.

मास्तर माझ्यावर कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अधिकृत प्लॉट कसा पाडतात, हे मी नंतर शिकलो. आपल्यापैकी कुणाला कधी करायचं झालंच तर उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी झोन बघायचा. प्रादेशिक योजनेत किंवा विकास आराखड्यात तुमचा गट शेतीत आहे की रहिवासात, याचा दाखला नगररचना कार्यालयातून मिळतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर संहितेच्या कलम ४२-ड नं रहिवासी वापराचा मार्ग सोपा झालाय. आमचा गट त्याच्या बाहेर.

मग भूमी अभिलेखची मोजणी. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. हद्दी कायम झाल्याशिवाय पुढं काही नाही.

मग रेखांकन, म्हणजे लेआउट. २०२० च्या शेवटी मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यात आतला रस्ता रहिवासासाठी निदान नऊ मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फूट. रस्त्याची लांबी वाढली की रुंदीही वाढते. जमीन ०.४ हेक्टर किंवा जास्त असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडायची. आधी तात्पुरती मंजुरी. मग जागेवर रस्ते, गटारं करायची. मग अंतिम मंजुरी. त्यानंतर भूमी अभिलेख कमी-जास्त पत्रक करतं, ज्याला सगळे कजाप म्हणतात. त्यातून प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा जन्माला येतो. क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या आणि प्लॉट आठच्या वर असतील तर विकण्याआधी रेराची नोंदणीही लागते.

मंडळी, इथं एक गोष्ट मला उशिरा कळली. मला वाटायचं हे सगळं अडवाअडवीचं काम आहे, टेबलाटेबलावर पैसे खायला केलेलं. काही ठिकाणी तसं होतही असेल. पण नियमावली ज्या गोष्टी सोडायला लावते त्या बघा. रस्ता, गटार, मोकळी जागा. आणि एजंटानं आमच्या बावीस गुंठ्यांत विकलं काय? नेमकं तेच. रस्ता विकला, गटार विकलं, मोकळी जागा विकली. म्हणूनच त्याचा गुंठा स्वस्त होता.

गटार विकलं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगतो.

आमचं रान काळं, भारी. वरच्या अंगाचं पाणी पूर्वी रस्त्याकडेच्या एका चरातून ओढ्याला जायचं. आजोबांच्या काळापासूनचा चर. बैल हाणताना वडील तो ओलांडायचे नाहीत, वळसा घालायचे, कड ढासळू नये म्हणून. प्लॉट पडले तेव्हा तो चर एका प्लॉटवाल्याच्या हद्दीत आला. त्यानं मुरूम टाकला, दुसऱ्यानं त्याला बघून टाकला. आज तिथं सात घरं आहेत आणि जोती रस्त्यापेक्षा दोन फूट उंच. त्यांची काही चूक नाही. घर बांधणारा माणूस भर घालणारच, आणि त्याला दाखवलेल्या नकाशात चर नव्हताच.

पाणी मात्र नकाशा बघून वाहत नाही. परतीचा पाऊस जोराचा झाला की माझ्या खालच्या अर्ध्या एकरात चार-पाच दिवस पाणी उभं राहतं. एका वर्षी कांद्याचं सगळं रोप गेलं. शेंडे पिवळे पडले, मुळं उपटली तर तपकिरी, कुजका वास. मी आधी मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी केली. कृषी सहायक आले, त्यांनी औषधाची बाटली बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पाणी कुठं जातं ते दाखवा." दाखवायला जागाच नव्हती. सात घरांचे शोषखड्डे विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत, ती काळजी वेगळी. पिण्याला ते पाणी आम्ही बंद केलंय.

आता परत रविवारवर येतो. भाऊ आला. बहिणीलाही बोलावून घेतलं. आई आता नाही. म्हणजे राहिलेल्या ६२ गुंठ्यांत तिघांची नावं.

भाऊ एमआयडीसीत आहे, कंत्राटावर. भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. त्याला घर घ्यायचंय. त्यात चूक काय आहे? एजंटानं त्याला सांगितलं, गुंठ्याला चार लाख. माझ्या ऊस-कांद्यातून मी त्याला तो भाव देऊ शकत नाही. शेतीच्या उत्पन्नातून कुणीच देऊ शकत नाही. हे खरं दुखणं आहे आणि ते लपवून "काळी आई विकू नको" असं म्हणायला मला तोंड नाही, कारण पहिले बावीस गुंठे मीच विकलेत.

बहीण हसून म्हणाली, "म्हणजे दादा, माझ्या लग्नाला तुम्ही माझीच जमीन विकलीत होय?"

हसण्यावारी म्हणाली, पण घरात एकदम शांत झालं. खरंच होतं ते. तिचाही हिस्सा होता त्यात. तेव्हा तिला सही करायला बोलावलं, विचारायला नाही.

मी भावाला घेऊन तालुक्याला एका जुन्या, भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेल्या गृहस्थांकडं गेलो. त्यांनी नकाशा पसरला, पट्टी ठेवली. म्हणाले, झोनचं बाजूला ठेवू. समजा उद्या रहिवास झाला. ६२ गुंठे म्हणजे ६२७० चौरस मीटरच्या आसपास. मोकळी जागा सव्वासहा गुंठे जाईल. तुमच्या आकारात नऊ मीटरच्या रस्त्यात चौदा-पंधरा गुंठे जातील. विकायला राहतात चाळीसेक. ६२ चे ६२ विकणारा माणूस उरलेले बावीस कुठून आणणार, ते त्याला विचारा.

पुन्हा तोच बावीस आकडा! भावानं माझ्याकडं बघितलं.

मग त्यांनी पेन्सिलीचं टोक पुढच्या बाजूला ठेवलं. "आणि आत जाणार कुठून?"

मागच्या ६२ गुंठ्यांना जायला एकच वाट. त्या बावीस प्लॉटमधला पंधरा फुटांचा रस्ता. साडेचार मीटर. तोही नकाशात नाही. तो नऊ मीटरचा करायचा तर दोन्ही बाजूंच्या प्लॉटवाल्यांनी सव्वासात-सव्वासात फूट सोडायचे. आधीच ८६४ फुटांवर आलेले लोक साडेसहाशेवर यायला तयार होतील का? शेतीला जायला वाट हवी असेल तर संहितेच्या कलम १४३ नं तहसीलदारांकडं मागता येते, असलेली वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा आहे. पण ती नांगर-बैल-ट्रॅक्टरची वाट. तिच्यावर लेआउट मंजूर होत नाही.

म्हणजे २०१४ ला आम्ही पुढचे बावीस गुंठे विकले नाहीत. मागच्या बासष्ट गुंठ्यांचं दार विकलं. तेव्हा जर दोन गुंठे जास्त सोडून, मोजणी करून, तीस फुटांचा रस्ता आमच्या नावावर ठेवला असता तर आज भावाला त्याच्या हिश्शाचं काहीतरी रीतसर करता आलं असतं. आणि ऊसतोडीच्या वेळी दोन ट्रॅक्टर समोरासमोर आल्यावर होणारी शिवीगाळही वाचली असती.

भाऊ परत येताना गाडीत म्हणाला, "पण दादा, सगळे तर विकतायत. पुढं सरकार नियमित करतंच की."

त्याचंही अगदी खोटं नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं तुकड्यांचे जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करायची सोय झाली. २०२४ ला ती रक्कम ५ टक्क्यांवर आणली. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे, त्याची मुदत २०२१ ला वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. जुलै २०२१ ला नोंदणी खात्यानं मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवू नका असं परिपत्रक काढलं, ते २०२२ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं रद्द ठरवलं. दर दोन-तीन वर्षांनी यात काहीतरी हलतं. म्हणून व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम तहसीलात विचारूनच पुढं जावं, माझ्या लिहिण्यावर जाऊ नये.

पण मी त्याला म्हणलं, "सरकार कागद नियमित करील रे. मास्तरांचं नाव एकट्याचं लागेल, चांगलंच होईल. पण पंधरा फुटाचा रस्ता तीस फुटाचा कोण करणार? ८६४ चे १०८९ कोण करणार? बुजवलेला चर कागदावर उघडतो का?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "बरं. मी त्याला विचारतो."

आम्ही तिघांनी मिळून तीन प्रश्न लिहून दिले. एक, रेखांकन कुणाच्या नावानं आणि कुणाच्या खर्चानं मंजूर होणार? दोन, नऊ मीटरचा रस्ता कुठून आणणार? तीन, कजाप होऊन प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा निघेपर्यंत आम्ही एकही खरेदीखत करणार नाही, हे साठेखतात लिहिणार का?

एजंट हसला म्हणे. म्हणाला, "एवढं बघत बसलं तर धंदा होत नाही." त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. येईल परत. भाव वाढवून येईल.

तोवर आम्ही एवढं ठरवलंय. तिघांची सरस वाटणी करून घ्यायची, कलम ८५ नं, संमतीनं, मोजणी करून, पोटहिस्से पाडून. ६२ गुंठ्यांचे तिघांत प्रत्येकी साडेवीसच्या वर पडतात. म्हणजे जिरायत धरली तरी वीस गुंठ्यांच्या मर्यादेत बसतं, जेमतेम. विहीर सामाईक, पाळी लिहून ठेवायची. आणि प्रत्येक पोटहिश्शाला जायची वाट आधी सोडायची, नकाशावर, रुंदीसकट. भावाला विकायचंच झालं तर तो एकसंध तुकडा कसणाऱ्याला विकेल, पहिला हक्क मला आणि बहिणीला. भाव कमी येईल, हे त्याला माहीत आहे. मनातून तो नाराज आहे. ते मला दिसतं.

आणि हेही दिसतं की ही वाटणी आमच्याच पिढीला बसते. माझ्या दोन पोरांत माझा हिस्सा वाटला तर दहा-दहा गुंठे. विहिरीला पाणी आहे तोवर बागायत म्हणून बसेल, नाहीतर तोही तुकडाच. ८४ चे ८४ राहिले असते तर थोडं अंतर होतं.

गेल्या रविवारी चर खोदला. प्लॉटवाल्यांना चार दिवस आधी घरोघरी जाऊन सांगितलं. बावीसपैकी नऊ जण आले. एकानं सरळ नकार दिला, त्याच्या पायरीखालून जातो म्हणून. तिथं सिमेंटचा पाईप टाकायचं ठरलं, वर्गणी काढून. मास्तर आले होते. निवृत्त झालेत आता. स्वतःच्या कडेचे दोन फूट त्यांनी न मागता सोडले. मी म्हणलं, "मास्तर, आधीच कमी आहे तुमचं."

म्हणाले, "भाऊ, पाणी जाऊ दे. घर बांधायचं झालं तर कोरड्यात बांधू."

पाईपसकट चर ओढ्याला मिळालाय. चुन्याच्या रेघा परवाच्या पावसात गेल्या, खुट्ट्या मी काढून गोठ्याजवळ टाकल्यात, वाटाण्याच्या वेलाला आधाराला होतील. कांद्याचं रोप यंदा गादीवाफ्यावर टाकलंय, सहा इंच उंच. परवा दीड तास पाऊस पडला, संध्याकाळपर्यंत खालच्या वाफ्यातलं पाणी उतरलं होतं. बऱ्याच वर्षांनी.

ज्यांच्या रस्त्याकडेच्या तुकड्याला मागणी आलीय त्यांनी सही करण्याआधी एकदा टेप घेऊन रानात जावं. मागच्या जमिनीला वाट किती राहते आणि पाणी कुठून जातं, एवढं मोजून यावं. आमच्याकडं ते मास्तरांनी मोजलं, विकून झाल्यावर.

राम राम.